उठौआ आणि आईची चूल

माहेर कुठलं असं कोणी विचारलं की मी जबलपूर म्हणते आणि घाईघाईनं विषय बदलते. खरं उत्तर दिलं तर पुढचा अर्धा तास त्यातच जातो, आणि मला तेवढा धीर नाही. खरं उत्तर ‘उठौआ’ असं आहे. खमरियाच्या पुढे, पनागरच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून नाला ओलांडला की मुरमाच्या उंचवट्यावर दहा-पंधरा घरं दिसतात. तेच उठौआ. एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून ‘जुग जुग जियो’ ऐकू येतं, एवढाच त्याचा विस्तार. सरकारदरबारी ते शेजारच्या मोठ्या गावात मोडतं, त्याला वेगळं नावच नाही. नाव आहे ते लोकांच्या तोंडी. उठौआ म्हणजे उचलून नेता येण्याजोगं. असलं नाव एखाद्या गावाला कोण देतं, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतोच. तो आमच्या आईलाही पडला होता, आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती तिथे पाऊल टाकायला तयार नव्हती.

आमची माणसं मूळची वर्ध्याकडची. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा वर्धा-नागपूर त्या बाजूला गेलं, जबलपूर या बाजूला राहिलं. बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या नोकरीमुळे या बाजूला होते, म्हणून आई लग्न होऊन या बाजूला आली. “दोन-चार सालं काढू अन् जाऊ वापस,” असं बाबांनी म्हणे बोहल्यावरून उतरल्या उतरल्या सांगितलं होतं. ती दोन-चार सालं काही संपली नाहीत. आधी दीक्षितपुऱ्यात भाड्याची खोली, मग खमरियाला क्वार्टर, मग त्याच खमरियात दुसरं क्वार्टर, मग बढती मिळाली म्हणून तिसरं. प्रत्येक वेळी शेजारपाजारचे अभिनंदन करायला यायचे आणि आई आत चुलीपाशी बसून डोळे पुसायची.

कारण प्रत्येक ठिकाणी तिनं चूल मांडलेली असायची. घरात स्टोव्ह होता, पुढे शेगडी आली, पण चूल मांडल्याशिवाय घराला घर म्हणायचं नाही हा तिचा हट्ट. चांगली माती शोधायची, त्यात भुसा आणि शेण घालून पायानं तुडवायची, मागे वैल ठेवायचा, रोज पोतेऱ्यानं सारवायची. चूल वाळून कुठे जरा जीव धरू लागली की नव्या क्वार्टरचा हुकूम हजर. सामान ट्रकमध्ये चढायचं, चूल तिथेच राहायची. “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात,” आई म्हणायची, “पण विंचवाले चूल तरी नसते.” तिला दागिने नको होते, तीर्थयात्रा नको होती. तिला फक्त एक चूल हवी होती, जी मांडल्यावर पुन्हा सोडून जावी लागणार नाही. हे ती इतक्यांदा बोलून दाखवायची की मी कानांवर उशी घ्यायचे.

घरात दुसरं कोणी असं नव्हतंच. बाबांना एका जागी बसून चहाही संपवता येत नसे, अर्धा कप अंगणात आणि उरलेला फाटकाशी व्हायचा. माझ्याही पायाला भिंगरी. शिक्षण संपल्यावर मी जी भोपाळला पळाले ती तिथून इंदूर, इंदूरहून परत भोपाळ, वर्षाआड खोली बदलत राहिले. एकट्या आईला ठाण मांडायचं होतं आणि तिच्या वाट्याला आम्ही दोघं आलो होतो.

बाबांची निवृत्ती जवळ आली तेव्हा मी सुट्टीवर घरी आले होते. एका संध्याकाळी ते सायकल टेकवून आत आले आणि पाणी पिता पिता म्हणाले, “जागा पाहिली. स्वस्तात भेटून राहिली.”

“कुठं?” आईचे डोळे चमकले.

“उठौआले.”

आईनं हातातली परात खाली ठेवली. “जनमभर उठवलं तुम्ही मले. अन् आता म्हातारपणी गावच उठौआ?”

“नाव आहे ते फकत. त्याचं काय मनावर घ्यायचं?”

“मी घेऊन राहिली मनावर. ते नाव कुठून आलं ते मले आधी समजलं पाहिजे. मंग पाया खणा. नाहीतर मी वर्ध्याले भावाच्या दारात जाऊन पडतो, पण तिथं नाही येत.”

बाबा म्हणाले, “अच्छा, चलो, विचारू,” आणि लगेच सायकलची चेन पाहायला बाहेर गेले. चेनला काहीही झालेलं नव्हतं.

मग आम्ही मायलेकी विचारत फिरलो. माझी सुट्टी त्यातच गेली. पनागरच्या बाजारात एक भाजीवाला दात काढत म्हणाला, “वहाँ के लोग सामान उठाते हैं, बाई. संभाल के रहना.” बसच्या कंडक्टरनं छातीठोकपणे सांगितलं की ही वस्ती पूर्वी नदीकाठी होती, पुरात उठून इकडे आली. शाळेच्या एका गुरुजींनी एका साधूची गोष्ट सुरू केली, त्याला त्याच्या खाटेसकट देवानं उचलून नेलं म्हणे. आई प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकायची आणि बाहेर आल्यावर माझ्यावर उखडायची. “चोर, पूर नाहीतर साधू! एकाचं दुसऱ्याशी जुळून राहिलं काय?” मी म्हटलं, मला कशाला विचारतेस, मी ठेवलं का नाव? बाबा बरोबर असले की कोणी सांगायला लागल्याबरोबर यांना विहीर पाहायची असे, झाड पाहायचं असे. तेव्हा मला ते नेहमीचंच वाटलं.

शेवटी आम्ही थेट उठौआलाच गेलो. तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला सगळे बऊ म्हणत, म्हणजे आजी. ती दारात बसून मटार सोलत होती. आईनं तिच्यासमोर बसकण मारली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सरळ विचारलं. बऊनं वर न पाहता सांगितलं, “मोरे चूल्हे से नाम पड़ो है, बाई.”

आई सावरून बसली.

बऊ सांगू लागली. ती तेव्हा नवी नवरी होती. घर नवं, चूल नवी, तिनं ती फुटक्या घमेल्यात मांडली होती आणि ती ओलीच होती, अजून जमिनीत बसवायची होती. एके दिवशी सगळ्या वस्तीनं मिळून ती चूल उचलली, महुआच्या, म्हणजे मोहाच्या, झाडांखाली नेली आणि त्या एका चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक झाला. त्या दिवसापासून या जागेला उठौआ म्हणतात. “काहे उठाओ, सो सुनो आगे...” असं बऊ म्हणाली, पण तोवर आई हसत हसत उठलीसुद्धा. चुलीवरून पडलेलं नाव! तिला यापेक्षा मोठा शकुन काय हवा होता? बाबाही एकदम घाई करू लागले. “बस येऊन राहिली, चाल, चाल.” ती बस यायला नंतर किती वेळ लागला ते मला आठवतं. फाट्यावर उभं राहून पाय दुखले होते आणि आई आनंदानं बडबडत होती.

घर पाहावं बांधून, म्हणतात. आम्ही पाहिलं. भिंतींचं बाबांनी पाहिलं, चुलीचं आईनं. या वेळी तिनं घाई केली नाही आणि कुठली कसरही ठेवली नाही. गवंड्याला समोर उभं करून स्वयंपाकघराच्या जमिनीत विटांचा पाया घालून घेतला, त्यावर सिमेंट, त्यावर तिची माती. दोन तोंडांची ती चूल भूकंपात घर पडलं तरी राहिली असती. वस्तीतल्या बाया पाहायला आल्या. सगळ्या जरा गप्पच होत्या. एकीनं विचारलं, “पक्का बना लिया, बाई?”

“एकदम पक्का,” आई म्हणाली. “अब हमको कोई नहीं उठाएगा.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. बऊनं चुलीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “हओ, अच्छो बनो है.” कोणी आणखी काही बोललं नाही. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी टोकायचं नाही, अशी तिथली रीत. ही सभ्यता आम्हाला पुढे महाग पडली.

वास्तुशांतीला आलेली मी अजून तिथेच होते. एका सकाळी लांबून घंटा ऐकू आली. एक माणूस सायकलला लाल झेंडा बांधून घरोघर ओरडत चालला होता, “चांदमारी है, भैया! चलो, महुआ के नीचे चलो!” पाहता पाहता वस्ती रिकामी व्हायला लागली. कोणी शेळ्या सोडल्या, कोणी म्हाताऱ्याला बैलगाडीत बसवलं, कोणी गोधड्या डोक्यावर घेतल्या. ओरड नाही, गोंधळ नाही, सगळं सवयीचं.

“हे काय होऊन राहिलं?” आई दारात येऊन म्हणाली.

बाबांच्या पायात बूट होते. ते पाहून तिला सगळं समजलं. घंटा वाजायच्या आधीच त्यांनी ते घालून ठेवलेले होते.

पलीकडच्या माळावर चांदमारी होती. तिथे अधूनमधून गोळाबारीची चाचणी होत असे आणि त्या दिवशी सुरक्षेसाठी ही वस्ती सकाळी रिकामी व्हायची आणि माणसं संध्याकाळी परत यायची. फॅक्टरीत जन्म घालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर कोणाला असणार? म्हणून जागा स्वस्त होती, म्हणून चेन, म्हणून विहीर, म्हणून बस.

“तुम्हाले मालूम होतं,” आई म्हणाली.

“महिन्या-दोन महिन्यांतून एखांदा दिवस अस्ते. त्यात काय एवढं? पिकनिक समज.”

आई आत गेली आणि आपल्या पक्क्या चुलीला टेकून बसली. “मी नाही उठत. गोळा डोक्यावर पडला तरी नाही उठत.” बाबा हात जोडून उभे राहिले. मी ओरडले, मग रडकुंडीला आले, मग पुन्हा ओरडले. बाहेर घंटावाला थांबून राहिला होता, कारण शेवटचं माणूस निघाल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नव्हतं, आणि त्याच्यामागे शेजारीण तान्ह्या पोराला घेऊन उन्हात उभी होती. आमच्यासाठी थांबली होती. आईनं ते पोर पाहिलं आणि ती उठली.   मला बाबांचा इतका राग आला होता की वाटेत मी मुद्दाम त्यांच्यापुढे चालत होते.

नाल्याच्या अलीकडे महुआची चार-पाच मोठी झाडं आहेत. सगळे तिथे टेकले. दूरवर धडाम्‌ धडाम्‌ सुरू झालं. प्रत्येक आवाजाला आईचे खांदे उडायचे, बाकी कोणी मान वळवत नव्हतं. दुपार झाली, पोरं भुकेनं किरकिर करू लागली. आया त्यांना फुटाणे देत होत्या. एका बाईजवळ जोंधळ्याची भरड होती, एकीजवळ मडकंभर ताक, पण कोणी जाळ करायचं नाव घेईना. सगळ्यांचे चेहरे सुकलेले.

“हे लोक सयपाक काहून नाही करून राहिले?” आई मला हळूच म्हणाली. “उपास आहे काय आज?”

मला कुजबुजणं जमत नाही. मी सरळ शेजारणीला विचारलं. ती खाली पाहू लागली. मग म्हणाली, “आज तुम्हारा चूल्हा आना था, दीदी.”

तेव्हा बऊनं तिची उरलेली गोष्ट सांगितली. वस्ती पहिल्यांदा उठवली गेली तेव्हा चांदमारी नवी होती. लोकांना वाटलं, आता परत येऊ देणार नाहीत. बाया आपापल्या चुलींना मिठ्या मारून रडत होत्या, पण चुली जमिनीत बसलेल्या, न्यायच्या कशा? बऊची तेवढी सुटी होती. तिच्या सासूनं ती डोक्यावर घेतली आणि म्हणाली, एक चूल बरोबर आहे, म्हणजे सगळी घरं बरोबर आहेत. त्या दिवशी सगळे त्या एका चुलीवर जेवले आणि संध्याकाळी ती चूल परत घेऊन घरी आले. तेव्हापासून नियम झाला. वस्तीत जे घर सर्वांत नवं, त्याची चूल जमिनीत बसवायची नाही. चांदमारीच्या दिवशी तीच उठते, तिच्यावरच सगळ्यांसाठी ताकातली भरड, म्हणजे महेरी शिजते. पुढे आणखी कोणी नवं राहायला आलं की मग आधीच्यांनी आपली चूल पक्की करायची.

आईचा चेहरा मला पाहवेना. “तीन दगड मांडू न,” ती घाईनं म्हणाली. “आत्ताच मांडू. मी लावतो जाळ.”

बऊनं मान हलवली. तीन दगड इथेच पडून राहतात, ती म्हणाली. ज्यांना परत जायचं नसतं ते तीन दगडांवर रांधतात. आम्हाला घरी जायचं आहे.

पोराच्या हातातले फुटाणे एका बाईनं आईपुढे केले. आईनं घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत ती तशीच बसून राहिली. मी मात्र आतल्या आत धुमसत होते. बाबांनी लपवलं, आईनं अर्धंच ऐकलं आणि या लोकांनी तोंडातून शब्द काढला नाही. एवढी भीड काय कामाची? एकीनं जरी त्या दिवशी सांगितलं असतं, ‘बाई, इथे असं करत नाहीत,’ तर सगळी वस्ती उपाशी बसली नसती. हे मी परतताना शेजारणीला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “तुम्हारी मम्मी इत्ती खुस थीं, दीदी.” 

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं सब्बल, म्हणजे पहार मागितली. बाबा म्हणाले मी फोडतो, मी म्हटलं मी फोडते. तिनं दोघांनाही बाहेर काढलं. आतून घाव ऐकू येत राहिले. विटांचा पाया होता, सिमेंट होतं, तिनंच घालून घेतलेलं, ते सुखासुखी सुटणार थोडंच? बाबा अंगणात या टोकाचे त्या टोकाला होत होते. प्रत्येक घावाला थांबायचे आणि पुन्हा चालू लागायचे. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची दया आली. त्यांनी तिला फसवलं होतं, पण घर मिळवून देण्यासाठीच फसवलं होतं, आणि आता आत जायची त्यांची हिंमत नव्हती.

आईनं फुटक्या घमेल्यात नवी चूल मांडली. त्यानंतरच्या चांदमारीला डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात राखेखाली निखारे, अशी ती सगळ्यांच्या पुढे चालली. हे मी पाहिलं नाही, मी तोवर भोपाळला पळाले होते. बाबांनी फोनवर सांगितलं. फॅक्टरीच्या परेडसारखी चालत होती म्हणाले.

आता तिची चूल बसायची तर वस्तीत कोणीतरी नवं यायला हवं होतं. आईनं ते काम अंगावर घेतलं. खमरियाच्या क्वार्टरांमधला निवृत्तीला आलेला एकही माणूस तिच्या तावडीतून सुटला नाही. पण तिनं कानाला खडा लावला होता, कोणाला अर्धी गोष्ट सांगायची नाही. त्यामुळे माणूस जागा पाहायला आला की ही फाटकातच सुरू करायची, “भैया, पहले सुन लो, यहाँ चांदमारी होती है.” माणूस पाणी न पिता परत जायचा. बाबा कपाळाला हात लावायचे. “अवं, चहा तरी पिऊ दे त्याले! मंग सांग चांदमारी.” एक जोडपं तर विसार द्यायच्या तयारीनं आलं होतं. त्यांना तिनं गोळ्यांचा आवाज तोंडानं काढून दाखवला.

अशी वर्षं गेली. वस्ती तेवढीच राहिली. बऊ गेली. एका पावसाळ्यात बाबा गेले. शेवटच्या वर्षी आईचे गुडघे धरले होते, तेव्हा घमेलं बाबाच डोक्यावर घेऊन जायचे, हे मला ते गेल्यावर समजलं.

बाबांचं दिवसपाणी झाल्यावर मी आईला म्हटलं, चल माझ्याकडे. एकटीनं इथे काय करणार?

“चूल बसली नाही अजून.”

“आई, तू गॅसवर स्वयंपाक करतेस!”

“गॅस बसते काय कुठं?” ती म्हणाली. “आज हे सिलिंडर, उद्या ते.”

मी चिडून निघून आले. प्रत्येक सुट्टीला जायचे, प्रत्येक वेळी हेच. मला रात्ररात्र तिची काळजी वाटायची आणि ती काळजी माझ्या तोंडून नेहमी भांडणासारखीच बाहेर पडायची. ती पडली तर? चांदमारीच्या दिवशी चक्कर आली तर? त्या जागेत माझा जीव कधीच लागला नव्हता. तिचाही लागू नये असं मला मनातून वाटत होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि मग एक तरुण जोडपं आलंच. तो वीजदुरुस्तीची कामं करणारा, ती एका दवाखान्यात नर्स. आईनं फाटकातच सगळं सांगितलं. ती पोरगी म्हणाली, “तो क्या हुआ, आंटी, छुट्टी मिल जाएगी,” आणि त्यांनी जागा घेतली.

त्यांच्या गृहप्रवेशाच्या दिवशी मी तिथेच होते. सकाळी वस्तीतल्या बाया आमच्याकडे आल्या, प्रत्येकीच्या मुठीत आपापल्या अंगणातली माती. स्वयंपाकघरात खड्डा केला, आईची चूल घमेल्यासकट त्यात उतरवली आणि सगळ्यांनी आपापल्या मुठी भोवतीनं सोडल्या. आईनं पाणी शिंपडून माती चेपली. चेपत राहिली. माती केव्हाच बसली होती तरी तिचे हात थांबेनात. मग एकदम पदर तोंडाशी घेऊन मोठ्यानं रडली. मी तिला असं रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, झालं. हवं होतं ते मिळालं, आता ती येईल. मी तिच्या साड्या माझ्या बॅगेत भरायला लागले. तिनं पाहिलं, पण अडवलं नाही. “एक चांदमारी होऊ दे,” एवढंच म्हणाली. मी कुरकुरत रजा वाढवली.

घंटा वाजली त्या सकाळी सगळे नव्या घरासमोर जमले. त्या पोरीकडे चूल नव्हतीच. तिच्याकडे गॅसची एक बर्नरची शेगडी होती आणि छोटा सिलिंडर. बाया बुचकळ्यात पडल्या. हे चालतं का? बऊ नव्हती. सगळ्या वळून आईकडे पाहू लागल्या.

“जो उठता है वो चलता है,” आईनं निकाल दिला.

पोरगी शेगडी छातीशी धरून पुढे निघाली, मागून तिचा नवरा सिलिंडर घेऊन. आई बऱ्याच दिवसांनी रिकाम्या हातांनी चालत होती. तिला हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. पदर खोचला, सोडला, कोणाच्या तरी शेळीची दोरी धरली.

महुआखाली महेरी शिजत आली तेव्हा पोरीनं विचारलं, “आंटी, इस जगह का नाम ऐसा क्यों है?”

आई मांडी घालून बसली आणि सुरुवातीपासून सांगू लागली. काही गाळलं नाही. तिची हिंदी अजून तशीच होती, मधेच वऱ्हाडीत घसरणारी. चांदमारी नवी होती, सगळ्यांच्या चुली जमिनीत होत्या, एका नवरीचीच ओली होती. “हम सब बाईलोग चूल्हे को पकड़ के रो रहे थे,” ती म्हणाली. “हमको लगा, अब वापस नहीं आने देंगे. मेरा तो दिल ऐसा धडधड कर रहा था...” तिनं छातीवर हात ठेवून दाखवला.

ती गोष्ट घडली तेव्हा आई वर्ध्याकडच्या आपल्या गावात भातुकली खेळत असेल. तिनं जबलपूरचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं. समोर महेरी ढवळणारी ती शेजारीण होती, जी एकदा तान्हं पोर घेऊन आमच्यासाठी उन्हात थांबली होती. आई इथे कधी आली हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती ढवळता ढवळता म्हणाली, “हओ, बहुत डर गए थे सब.” बाकीच्यांनीही माना हलवल्या. कोणीही आईला टोकलं नाही.

मला राग आला. त्याहून जास्त हेवा वाटला. इतकी घरं बदलली मी, पण ‘आम्ही’ म्हणावं असं एकाही ठिकाणचं माझ्याजवळ काही नाही. मी तोंड मिटलं आणि पुढे केलेलं महेरीचं ताट घेतलं.

संध्याकाळी घरी परतल्यावर मी बॅग उघडली आणि तिच्या साड्या काढून पुन्हा तिच्या पेटीत ठेवल्या. आई चुलीपाशी होती. तिनं पाहिलं, आणि विचारलं फक्त एवढंच, की सकाळच्या बससाठी तुला डबा देऊ का.